गुरंसुद्धा

जेवणं झाली की मी दिवा चटईच्या मधोमध ठेवते.
दिवसभर पत्र्यावर पडून ऊन पितो बिचारा,
तरी लांबलचक वंशावळी त्याला झेपत नाहीत,
म्हणून आम्ही आटोपशीर कथा घेतो.
आजची चारच अध्यायांची.

बाहेर मलावीचं सरोवर, अंधारात.
त्यावर मासेमारीचे दिवे, साठेक असतील,
त्यांतला एक आमचा.
वेझी म्हणते, तो डावीकडचा.
रोज डावीकडचाच असतो तिचा बाबा.

सुझगो आज उजेडाबाहेर बसलाय, भिंतीला पाठ लावून.
त्याचं नाव मीच ठेवलं, तीन दिवस अडल्यावर.
आमच्या तुंबुकात त्याचा अर्थ अडचण.
सासूबाई म्हणाल्या होत्या,
ज्या नावानं बोलावशील तेच दारात येईल.

मी वाचायला लागते:
एक संदेष्टा. त्याला देव म्हणाला, पूर्वेला जा.
तो बंदरावर गेला, भाडं मोजलं
आणि पश्चिमेच्या जहाजात चढला.
'पैसे देऊन पळाला?' वेझी विचारते.
पळायलासुद्धा पैसे पडतात, बाई.

मग वारा, मग लाटा,
खलाशी सामान फेकतायत,
आणि हा तळाशी गाढ झोपलेला.
मी आवाज जरा चढवते.
कथा मी मुद्दाम निवडलीय, कशाला लपवू?
दुपारी शेळ्यांच्या गोठ्यात, वाळक्या पाल्याखाली
हाताला ओलं जाळं लागलं,
मधोमध फाटलेलं, माणूस जाईल एवढं.
म्वेरा सुटलाय, खडकापलीकडे जायचं नाही,
बाप दोनदा बजावून झोपला होता.
आणि मी दुपारपासून गप्प.
उकड वाढली, वाटी पुढे सरकवली, गप्प.
म्हटलं, बोलू दे शास्त्रालाच.

'आई,' भिंतीकडून आवाज येतो,
'देवाला ठाऊक होतं ना, तो कुठल्या जहाजात आहे ते?'
होतं की.
'मग एवढं वादळ कशाला? नुसती हाक मारायची.'

माझं बोट ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं.
आता याला काय सांगू?
वेझीनं दिव्यावरची पाकोळी फुंकरीनं उडवली.
दुपारपासून मी काय करत होते?
वाटीभर उकडीत, चार अध्यायांत
मी वादळच तर कालवत होते.

पुस्तक उपडं ठेवलं.
'सुझगो,' मी म्हटलं, 'जाळं मी पाहिलंय.
ये इकडे.'

तो आला. एकदम नाही आला.
आधी पाय आले उजेडात, मग गुडघे.
हुंदके देताना त्याला उचकी लागते, लहानपणापासून.
वेझीनं न सांगता पाणी आणलं.

पहाटे त्यानं बापाला स्वतः सांगितलं,
वाळूत उभं राहून, टोपलीतल्या माशांकडे बघत.
बाप बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं, आता हात उठतो.
उठला, तो छपरात खोचलेली सुई काढायला.
'माफ केलं,' म्हणाला,
'पण भोक आहे तिथेच आहे. बस.'
त्याच्या हातावर हात ठेवून पहिली गाठ शिकवली.
दुसरी पोराची सुटली. तिसरीही.
चौथीला ऊन डोक्यावर आलं.

रात्री उरलेलं वाचलं.
ते दुष्ट शहर वाचतं, आणि संदेष्टा रुसून बसतो:
एवढं सहज सोडतोस?
देव त्याला उलट विचारतो,
या एवढ्या लेकरांची मला दया येऊ नये का,
ज्यांना डावं-उजवं कळत नाही?
आणि गुरांची?

तिथेच संपतं. पुढे पान नाही.
'गुरंसुद्धा?' वेझी हसायला लागते. 'शेळ्या पण?'
सुझगो हसत नाही.
बोटांना सुताचे काच पडलेत, ते चोळत विचारतो,
'मग तो काय म्हणाला?'

लिहिलेलं नाही, बाळा.

दिवा मिणमिणायला लागला होता.
तो दाराशी गेला, सरोवराकडे बघत राहिला,
त्या साठांकडे.
मग वेझीला म्हणाला,
'आज आपला मधला आहे.
जाळं जड झालंय ना, गाठींनी.'